अपोलोपेक्षा उंच

"पुतळा एक फूट खाली घ्या," अताशे म्हणाले. अताशे म्हणजे वकिलातीतले सांस्कृतिक अधिकारी. उद्घाटन दोन दिवसांवर होतं आणि अपोलो चौथऱ्यावर बोल्टने पक्का बसला होता.

"का?"

"त्याचं डोकं राष्ट्राध्यक्षांच्या फोटोच्या वर जातंय."

मी माउंटमेकर. पुतळा पडू नये म्हणून त्याच्या मागे स्टीलचा आधार लागतो, आणि तो दिसता कामा नये. तो मी बनवतो. चिंचवडला वेल्डिंग शिकलो, अमेरिकेत बॉथेलला स्वतःचं वर्कशॉप काढलं. वीस वर्षं म्युझियमचे दगड उभे करतोय, पण एकाही भिंतीवर माझं नाव नाही. काचा पुसणाऱ्या इंटर्नचं असतं. म्हणून या वेळी अट घातली होती : प्रदर्शनाच्या माहितीच्या पॅनेलवर 'मांडणी : देसाई' असं छापायचं. अताशे हो म्हणाले होते.

देशाचं नाव लिहीत नाही. तिथले राष्ट्राध्यक्ष जुने ग्रीक-रोमन पुतळे जमवतात. म्हणजे एखाद्या उद्योगपतीच्या दिवाणखान्यात पुतळा बघून "छान आहे" म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी उद्योगपती स्वतःच ट्रक पाठवतो. तो संग्रह इथे, बेलव्ह्यूच्या एका हॉलमध्ये, प्रदर्शनाला आला होता, आणि सोबत एक नियम. ज्या खोलीत साहेबांचा फोटो, त्या खोलीत त्यांच्याहून उंच कुणी नाही.

फोटो हॉलच्या मधोमध एका बोर्डवर होता. आम्ही बोर्ड उंच केला. फायर इन्स्पेक्टर बाई आल्या आणि छतातले आग विझवणारे फवारे बघून म्हणाल्या, "स्प्रिंकलरखाली अठरा इंच मोकळे पाहिजेत."

"मॅडम, ते आमचे राष्ट्राध्यक्ष आहेत," अताशे म्हणाले.

"असू देत. अठरा इंच."

बोर्ड परत खाली आला.

"मग चौथरा काढा," अताशे मला म्हणाले.

"तो शोभेचा नाही. इथे भूकंप होतात. त्याच्या पोटात बेअरिंग आहेत. जमीन हलली की पुतळा त्यांच्यावर सरकतो, पडत नाही."

"गुडघ्यात जरा वाकवता येईल?"

इथे माझं डोकं फिरलं. "तो तुमचा मंत्री नाही, दगड आहे," मी ओरडलो.

माझी मुलगी रेवा प्लॅन घेऊन उभी होती. "बाबा, स्टॉप येलिंग. ही इज स्केअर्ड."

अताशे खरंच घाबरून एका क्रेटवर बसले होते. हळूच म्हणाले, "उद्घाटनाचे फोटो थेट राजधानीत जातात. माझ्या आधीच्या अताशेच्या वेळी एक दगडी घोडा फोटोच्या वर गेला होता. आता तो अताशे सीमेवरच्या गावात पोस्ट ऑफिस सांभाळतो. त्या गावात पोस्ट ऑफिस नाही."

मी रेवाकडून नियमाचा कागद घेतला आणि पुन्हा वाचला. ज्या खोलीत फोटो, त्या खोलीत.

"साहेब, राष्ट्राध्यक्षांना अपोलोच्या पंक्तीला बसवणं हाच अपमान आहे. त्यांना स्वतंत्र दालन द्या."

ते उठून उभे राहिले. "आहे दालन?"

"आहे. लांब, शांत, एकही पुतळा नाही. आणि येणारा प्रत्येक माणूस तिथून जाणारच."

"प्रत्येक?"

"आज ना उद्या. पण माझं नाव मोठ्या अक्षरात."

"शब्द देतो."

टॉयलेटकडे जाणाऱ्या कॉरिडॉरला आम्ही काळी मखमल लावली आणि फोटोवर एकच दिवा सोडला. उद्घाटनाला वाइन भरपूर होती. तासाभरात राष्ट्राध्यक्षांपुढे रांग लागली. माणसं गंभीर, गप्प, थोडी अस्वस्थ. अताशेंनी त्या रांगेचे फोटो पाठवले. राजधानी खूश झाली. अताशेंना बढती मिळाली.

पॅनेल राजधानीतून छापून यायचं होतं. ते तिसऱ्या दिवशी आलं. संग्रह : राष्ट्राध्यक्ष. निवड : राष्ट्राध्यक्ष. मांडणी : राष्ट्राध्यक्ष.

मी अताशेंना फोन लावला. शब्दाचं काय झालं ते मोठ्या आवाजात विचारलं.

"देसाई, मी तुमचंच नाव कळवलं होतं," ते म्हणाले. "राजधानीने विचारलं, एवढा आदर एका परक्याला सुचला, मग तुम्हाला का नाही सुचला? आता याला मी काय उत्तर देऊ?"

मी फोन ठेवला.

आता पॅनेलही मीच छापतो आणि मीच लावतो. सही करण्याआधी क्लायंटला एक प्रश्न विचारतो : तुमच्याकडे दुसऱ्या कुणाचं नाव छापायची पद्धत आहे का?