थोरलीचं बोट

"बोट थांबलं की झोपतं," असं थोरली मावशी ऊठसूट म्हणायची. नवीन माणसानं फळीवर हात दाबून धरला की ती त्याच्या मनगटावर टिचकी मारायची आणि हे वाक्य ऐकवायची.

टेबलं बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ती तपासनीस होती. पॉलिश झालेली प्रत्येक फळी खिडकीजवळच्या तिच्या स्टुलापुढे यायची. ती तोंड बाहेरच्या अंगणाकडे करायची आणि उजव्या हाताचं मधलं बोट फळीवरून हलकेच सरकवायची. केसाएवढा ओरखडा असला तरी बोट तिथं अडायचं. तेवीस वर्षं त्या बोटापुढे आम्हा सुतारांचं काही चाललं नाही. मी सख्खा भाचा, म्हणून माझ्या फळ्या तर जरा जास्तच परत यायच्या.

मग धाकटी मावशी कामाला लागली. थोरलीनंच शब्द टाकून तिला पॉलिशच्या हॉलमध्ये, धुळीत, जागा मिळवून दिली होती. दोन महिन्यांनी एकदा जाता जाता धाकटीनं एका फळीवर हात फिरवला आणि सहज म्हणाली, "ताई, इथं रेघ आहे गं." ती फळी थोरलीनं पास केलेली होती. मालकांनी भिंग आणलं. रेघ होती.

त्या दिवसापासून थोरलीच्या डोळ्यांत धाकटीचा हात खुपू लागला. जेवताना तिची नजर त्या हातावर. धाकटी बोटांना काय लावते, कोणत्या साबणानं धुते, याची ती माझ्याकडे चौकशी करायची आणि वर म्हणायची, मला काय करायचंय. कुणी धाकटीचं कौतुक केलं की हिचं पोट दुखलंच म्हणून समजा. धाकटीनं तपासलेल्या फळीवरून माशीसुद्धा घसरेल, असं एक सुतार म्हणाला, तर थोरली त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

शेवटी मालकांनी सांगून टाकलं की तपासनीस एकच हवी. बारा फळ्या मांडू, एकीवर बारीक ओरखडा असेल. जिला सापडेल तिचं स्टूल, दुसरी हॉलमध्ये.

परीक्षेच्या सकाळी थोरली लवकर आली. सगळ्यात बारीक पॉलिशपेपर घेऊन तिनं आपल्या बोटांची टोकं घासली. जन्मभर लाकूड घासणाऱ्या माणसालाच असलं सुचावं: कातडी पातळ झाली की बोट फळीच्या आणखी जवळ जाईल.

थोरली बाहेर असताना धाकटी पाचव्या फळीवर थांबली आणि बाजूला झाली; ओरखडा तिथंच होता. मग थोरली बाराही फळ्यांवरून फिरली. पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा फिरताना तिनं अंगणाकडे पाहणं सोडून फळीकडे पाहिलं, तेव्हाच मला कळलं. तिच्या बोटाखाली सगळ्या फळ्या सारख्याच झाल्या होत्या.

का, ते मला पुढे कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बोटाच्या टोकावरच्या बारीक वळ्या शोभेसाठी नसतात. बोट सरकतं तेव्हा त्या थरथरतात. ती थरथर कातडीखाली पुरलेल्या, कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या इवल्या गाठींपर्यंत पोचते. गाठीच्या पोटात मज्जातंतूचं टोक असतं. ते ताणलं गेलं की त्याच्या अंगावरची डोळ्यांना न दिसणारी दारं उघडतात, मिठातले विद्युतभारित कण आत घुसतात आणि तिथून विजेची लहर सुटते. हातातून, पाठीच्या कण्यातून, मेंदूपर्यंत. मेंदूला फळी कधी भेटतच नाही, भेटते ती ही लहर. हालचाल थांबली की त्या गाठी गप्प होतात, हे मावशीला न शिकता ठाऊक होतं. वळ्यांचं मात्र तिला ठाऊक नव्हतं. त्या तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकल्या होत्या.

धाकटीनं थोरलीचा हात उलटा करून पाहिला. टोकं लाल आणि काचेसारखी चकचकीत.

"ताई, हे काय करून घेतलंस?"

धाकटी मालकांकडे वळली. म्हणाली, महिनाभर थांबू, कातडी भरून येईल, मग पुन्हा परीक्षा घ्या, तोवर ताईलाच बसू दे. मालकांनी मान डोलावली. आम्हा सगळ्यांना ते पटलं. धाकटी किती मोठ्या मनाची, असं कुणीतरी पुटपुटलंही.

ते थोरलीनं ऐकलं आणि हात हिसकून घेतला. हरणं तिनं कसंबसं गिळलं असतं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"लहानपणी नवा फ्रॉक तुला मिळाला, तेव्हा एक दिवस मलाही घालायला दिलास," ती म्हणाली. "त्या दिवशीसुद्धा कौतुक तुझंच झालं. बस तू तिथं."

ती उठली. चपला घातल्या, एप्रनची गाठ मागे घट्ट बांधली आणि अंगण ओलांडून पॉलिशच्या हॉलकडे चालू लागली, सावकाश, ताठ मानेनं. मी करवत खाली ठेवून पाहत होतो. धाकटी खिडकीत उभी होती. थोरली हॉलच्या धुळीत दिसेनाशी झाली, तरी ती उभीच होती.