बिनदारांच्या गावातलं लोखंडी दार

आमच्या गावात एकाही घराला दार नव्हतं. गाव मोबाइलवरच्या एका खेळातलं, ठोकळ्यांचं. मातीचे ठोकळे, दगडाचे ठोकळे, लाकडाचे ठोकळे. ढग चौकोनी, सूर्यही चौकोनी. तो डोंगराआड जायला लागला की सगळं खोरं आधी नारंगी आणि मग हळूहळू जांभळं होत जायचं. त्या वेळी मी आणि माझी मावसबहीण नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये एकाच पलंगावर पाठीला पाठ टेकून बसलेल्या असायचो आणि आपापल्या मोबाइलमधून त्या एकाच खोऱ्यात मशाली लावत फिरायचो.

दारं नसणं हा माझा ठराव होता. या खेळात राक्षस अंधारात जन्मतात. म्हणून खेळणारे लोक काय करतात, तर अंधार पडला की घरात शिरतात आणि दार लावून घेतात. मला याचा संताप यायचा. अंधार आहे तसाच ठेवायचा आणि आपापल्यापुरतं दार लावायचं, हा कसला तोडगा? आम्ही अख्ख्या खोऱ्यात उजेड केला. नदीकाठ, शेतं, चढ, गुहांची तोंडं, सगळीकडे मशाली. राक्षस जन्मायचेच बंद झाले. मग वेशीवर मी पाटी लावली: दारं नकोत, दिवे हवेत.

त्या खेळातल्या पाटीवर चार आखूड ओळींपेक्षा जास्त मावत नाही. मला ते फार जड गेलं. पप्पांनी नोकरीबरोबर आयुष्यभर युनियनचं काम केलं, त्यामुळे आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले आणि त्यांच्या कोऱ्या बाजूंवर गणितं सोडवली. ‘कामगार बंधूंनो’ वाचून ‘बहिणी कुठं गेल्या?’ असं विचारलं, तर पुढच्या पत्रकात त्या आल्या. तेव्हापासून माझा छापील शब्दावर फार विश्वास आहे.

मावसबहीण चांदवडकडच्या एका वस्तीवरची. कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली. तिचा विश्वास हातावर. त्या गावात तिनं आल्या आल्या काय बांधलं असेल, तर कांदाचाळ. जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंना फटी ठेवलेली, लांबच लांब. खेळात कांदाच नाही.

“मग हिच्यात ठेवायचं काय?” मी विचारलं.

“वारा,” ती म्हणाली.

तिचं सगळं असंच चालायचं. अमुक केलं तर काय होईल, एवढ्यावर तिच्या संध्याकाळी जायच्या. कड्याच्या पोटाला उलटं टांगलेलं घर. काचेची जमीन आणि तिच्याखाली मासे. धबधब्याच्या मागून जाणारा जिना, तो वर जाऊन नुसताच संपायचा, समोर फक्त ढग. तिथं आम्ही पुष्कळदा उभ्या राहिलो आहोत. बाहेर कॉलनीत भाजीवाल्याची हाक, कुठल्या तरी कुकरची शिट्टी, आणि आम्ही दोघी ढगांच्या उंचीवर.

अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, “ताई, मला एक दार पाहिजे.”

“कुठं?”

“माझ्या खोलीला.”

“अगं, सगळ्या खोल्या तुझ्याच आहेत.”

“सगळ्या नको. एकच.”

“पण दार कोणासाठी? राक्षस नाहीत, चोर नाहीत. इथं येतं कोण?”

“तू येती ना.”

मी हसले. ती हसली नाही. मग पाठ तशीच टेकलेली ठेवून तिनं सांगितलं. त्यांच्या घरी माणसं पुष्कळ, खोल्या थोड्या. दिवसा दार लावायचं ते कपडे बदलताना, नाहीतर कोणी आजारी असलं तर. एरवी लावलं की बाहेरून लगेच हाक, “दार लावून काय करती गं? बरं नाय का?”

“काहीतरी करायचं असलं तर लावता येतं,” ती म्हणाली. “काहीच करायचं नसलं तर नाय लावता येत. मला ते एकदा लावून बघायचंय.”

आमच्याकडेही तिला खोली नव्हती. अर्धा पलंग होता. हे मला कळत होतं, तरीही मी बोलायला सुरुवात केली. माझं-तुझं दारापासून सुरू होतं. एकीला दार मिळालं की दुसरीला कुलूप हवंसं वाटतं. मग कुंपण, मग पहारेकरी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पत्रक संपलं का?” तिनं विचारलं.

मतदान घेतलं. एकास एक. मग आम्ही अध्यक्ष शोधायला बाहेरच्या खोलीत गेलो. पप्पा वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि काडी बाजूला टाकली.

“ठराव रीतसर मांडा. सूचक कोण?”

“मी, काका.”

“अनुमोदक?”

तिला अनुमोदक म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. पप्पा म्हणाले, “दुसऱ्या कोणी पाठिंबा दिला नाही, तर ठराव चर्चेलाच येत नाही. इथंच संपला.”

ती माझ्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या बघण्यात, नुसती वाट पाहणं होतं. न बोलता ठराव पाडायचा ही चाल मला पत्रकांमधून चांगली ठाऊक होती. त्या चालीविरुद्ध चिडून लिहिलेलं मी कितीतरी वाचलं होतं.

“माझं अनुमोदन,” मी म्हणाले. “चर्चेपुरतं. मत विरोधातच देणार.”

“वा रे वा,” पप्पा म्हणाले. “मग आता अध्यक्षाचं मत...”

“माझं मत कोणी विचारलं का?” आतून आईचा आवाज आला. ओट्याशी तिची पाठ आमच्याकडे होती. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान आहे. “दार होऊ दे तिला. आणि ती मेथी आटपा आधी.”

पप्पांनी निकाल जाहीर केला. ठराव मंजूर.

लाकडी दार कोणीही हात लावला की उघडतं, म्हणून तिला लोखंडीच हवं होतं. सामाईक पेटीत लोखंड होतं, पण ते तिनं घेतलं नाही. स्वतः खणून आणलं, स्वतः वितळवलं. टेकडीच्या कुशीत खोली कोरली, दार बसवलं, उघडायचं बटण फक्त आतून ठेवलं. मग ऐटीत बाहेर आली आणि दार मागे आपोआप बंद झालं. बाहेरून उघडायला काहीच नाही! पलंग हलेपर्यंत आम्ही हसलो. पुढे तिनं स्वतःसाठी कुठून तरी वाट केली. कुठून, ते मी विचारलं नाही.

मी मात्र एक घंटा केली. दाराबाहेर बटण, तिथून जमिनीखालून, खेळात तारेचं काम करणाऱ्या लाल भुकटीची रेघ आणि आत एक सुरांचा ठोकळा. बटण दाबलं की रेघ पेटते आणि आत एक सूर वाजतो. बऱ्याच चुकीच्या जोडण्यांनंतर बरोबर जमली. तिनं सूर निवडला, खालचा, जरा घोगरा.

माझं मत बदललेलं नाही. आजही मला ते गाव बिनदारांचंच हवं आहे. पण ठराव रीतसर मंजूर झाला होता, म्हणून मी घंटा वाजवली आणि थांबले.

दार उघडलं नाही. माझ्या पाठीला तिची पाठ टेकलेली होती, तिचा श्वास मला कळत होता. मान वळवली असती तर तिच्या मोबाइलमध्ये सगळं दिसलं असतं. मी वळवली नाही. खेळातला सूर्य खाली गेला, खोऱ्यातल्या मशाली ठळक झाल्या, मग पाऊस आला, चौकोनी ढगांतून सरळ रेघांचा. मी दारासमोर उभी होते. पुन्हा घंटा वाजवावीशी वाटली नाही. इतकं शांत त्या गावात मला आधी कधी वाटलं नव्हतं.

खूप वेळानं दार उघडलं. मी आत गेले. आत काहीही नव्हतं. पेटी नाही, पलंग नाही, गालिचा नाही. समोर एक खिडकी, खिडकीत पाऊस, आणि ती मध्ये उभी.

“आत काहीच ठेवलं नाहीस?”

“नाय.”

“मग इतका वेळ करत काय होतीस?”

ती खुदकन हसली. ते मला पाठीतून कळलं.

“बघितलं ना? आता जा, ताई.”

मी बाहेर पावसात आले. दार माझ्यामागे लागलं.