डावीकडच्या सीटचं शिक्षण

आरे कॉलनीतल्या चढावर सामंतांची गाडी मागे सरकत होती आणि सामंत स्वतः डाव्या सीटवर बसून पायाखालचा पत्रा दाबत होते. तिथे ब्रेक नव्हता. ब्रेक उजवीकडे होता, त्यांच्या बायकोच्या पायाखाली, आणि तिने तो वेळेवर दाबलाही होता. गाडी फार तर हातभर मागे आली असेल. पण तेवढ्यात सामंतांचा हात स्टिअरिंगवर गेला.

“अहो, हात काढा,” सामंतवहिनी म्हणाल्या.

“अगं, मागे चाललीय गाडी.”

“थांबलीय. बघा तरी.”

सामंतांनी बघितलं नाही आणि हातही काढला नाही. वहिनींनी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, चावी काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून मरोळच्या दिशेने चालायला लागल्या. मी मागच्या सीटवर होतो. मला गाडी शिकवायला लागून तेव्हा चौदा-पंधरा वर्षं झाली होती, पण विद्यार्थी गाडी अर्ध्यात सोडून घरी चालत गेल्याची ती पहिलीच वेळ.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला आमचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन फियाट. मी स्वभावाने तापट, घरचे सगळे सांगतील. पण गाडीत मी कधी आवाज चढवला नाही. मास्तर ओरडला की शिकणाऱ्याचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर जातो. हे ज्ञान मला सुरुवातीच्याच वर्षी, एका दूधवाल्याच्या सायकलच्या जिवावर झालं.

सामंतांचा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लहानसा वर्कशॉप होता. गाड्यांची पेडलं, पत्र्याचे भाग बनवायचे आणि मालाचा टेम्पो स्वतःच चालवायचे. मूळचे मालवणकडचे. बावीस वर्षं ते मे महिन्यात रात्रीच्या एस.टी.ने गावाला जात होते, त्यामुळे वाटेतले सगळे घाट अंधारात जायचे. “मास्तर, आपल्या सह्याद्रीतून चाळीस-पन्नास वेळा गेलो असेन,” ते एकदा मला म्हणाले, “बघितला एकदाही नाही.” म्हणून त्यांनी सेकंडहँड फियाट घेतली. आणि एक दोनशे पानी वही.

त्या वहीत आठ दिवसांचा प्लॅन होता. बोरघाट चढून खंडाळा, मग वाई, पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर, तिथून अंबेनळी घाटाने खाली पोलादपूर, मग कशेडी, चिपळूण, रत्नागिरी, आणि शेवटी घर. वर्कशॉपला पत्रा घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांना चहा पाजून त्यांनी एकेक वळण विचारून घेतलं होतं. पेन्सिलीने घाट काढले होते. कडेला बारीक अक्षरात नोंदी. ‘इथे झरा, मेमध्येही पाणी, रेडिएटर भरून घेणे.’ ‘इथे कडा सरळ उभा. सकाळी दहाच्या आत पोचणे, ऊन पाठीमागून.’ ‘गाडी गरम होऊन बंद पडल्यास इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं, अर्धा तास थांबणे, दरी बघणे.’ अंबेनळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. कॅलेंडरमध्ये असतात तशा डोंगररांगा तिथून दिसतात, असं कुणा ट्रकवाल्याने सांगितलं होतं.

निघायला महिना असताना त्यांची डाव्या हाताची चार बोटं पत्रा कापायच्या पॉवर प्रेसखाली गेली.

ज्यांनी जुनी फियाट चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिचा गिअर खाली नव्हता, स्टिअरिंगला डावीकडून दांडा होता. तो डाव्या हाताने उचलून, ओढून, ढकलून टाकायचा. सामंतांनी जखम भरल्यावर महिनाभर प्रयत्न केला. सपाट रस्त्यावर जमायचं, चढावर दांडा निसटायचा. घाटात तेच झालं तर काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ड्रायव्हर ठेवून जा, असं पुष्कळ जणांनी सुचवलं. ते म्हणायचे, “परक्या माणसाला दर वळणावर थांब कसं सांगणार? त्यापेक्षा एस.टी. काय वाईट?”

ते वर्ष तसंच गेलं. मग एक दिवस वहिनी एकट्याच आमच्या ऑफिसात आल्या आणि म्हणाल्या, “मला घाटात चालवता येईल एवढं शिकवा. शहरातलं नंतर.”

वहिनी घरी शिवणकाम करायच्या. चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलायची तर क्लच अर्धा सोडून, इंजिनाचा जोर चाकाला लागला की ब्रेकवरून पाय काढायचा. याला आम्ही हाफ क्लच म्हणतो. भल्याभल्यांना दोन आठवडे लागतात. वहिनींना दोन दिवस लागले. शिलाई मशीनच्या पेडलवर वीस वर्षं पाय ठेवलेला, सुई कापडात कधी शिरते ते त्यांना तळपायातून कळायचं. उतारावर नुसता ब्रेक दाबत राहिलं की तो तापून धरेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं. हे त्यांनी एकदा ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. आर.टी.ओ.ची टेस्ट पहिल्या फटक्यात पास.

माझी चूक वेगळीच होती. पहिल्या दिवशी सामंत बरोबर आले आणि मागे बसून सूचना करायला लागले. मी त्यांना चहाच्या टपरीवर सोडलं आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ते बिचारे आले नाहीत. सहा आठवडे वहिनींच्या शेजारी बसलो मी. गप्प. आणि स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल असतो, म्हणजे डावीकडेही एक ब्रेक आणि क्लच. लोखंडी दांड्याने ते उजवीकडच्या पेडलला जोडलेले असतात. घाटात त्यांच्या शेजारी मी नसणार होतो. सामंत असणार होते. ही साधी गोष्ट मला टेस्टनंतर सरावाला सामंतांची गाडी काढली तेव्हा, त्या चढावर, मागच्या सीटवर बसल्यावर सुचली.

वहिनी निघून गेल्यावर सामंत चावी हातात घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, “तिला येत नाही असं नाही हो, मास्तर. माझाच पाय राहत नाही. आणि माझं असंच चाललं तर घाटात ती घाबरेल, आणि मग काय होईल सांगा.”

“मग?”

“मग काय. गाडी विकतो. गिऱ्हाईक तयार आहे, आमच्या गल्लीतलाच. पोरीच्या शाळेला सुट्टी लागेल, एस.टी.ची तिकिटं काढतो.”

डावा हात त्यांनी सवयीने खिशात घातला. मला खरंच वाईट वाटलं. आणि रागही आला, स्वतःचाच. अर्धीच गाडी शिकवून मी पूर्ण शिकवल्याचा शिक्का मारला होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना म्हणालो, “रविवारी सकाळी गाडी हवी. सामंतांना शिकवायचंय.”

आमचे मालक दळवी हिशेबी माणूस. “नवऱ्याला? त्याच्याकडे बारा वर्षांचं लायसन्स आहे.”

“चालवायला नाही. बसायला शिकवायचंय.”

“परब, उन्हात कमी फिरत जा,” मालक म्हणाले, पण किल्ली दिली.

मी एक युक्ती काढली होती. डावीकडच्या ब्रेकचा दांडा एका पिनने जोडलेला असतो. ती पिन काढायची आणि पेडल लुळं पडू नये म्हणून खाली एक स्प्रिंग अडकवायची. सामंतांना सांगायचं, घ्या, ब्रेक तुमच्या पायाखाली, हवा तेव्हा दाबा. ते दाबतील, गाडी थांबेल. थांबवणारी असेल त्यांची बायको. तासाभराने सगळं उघड करायचं. मला ही युक्ती फारच झकास वाटली होती.

वहिनींपासून लपवून चालणार नव्हतं. गाडीत एकच ब्रेक चालू आणि तो त्यांच्याकडे. शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्या कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होत्या. मशीन न थांबवता त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे यांना फसवायचं,” त्या म्हणाल्या.

“तासभर.”

त्यांनी दोरा दाताने तोडला. “आणि मी चुकले तर?”

“वहिनी, तुम्ही चुकणार असं वाटलं असतं तर मी पिन काढलीच नसती.”

रविवारी सकाळी सहाला आम्ही आरेत शिरलो. वहिनी उजवीकडे, सामंत डावीकडे, मी मागे. मागून पाय दिसत नाही, पण खांदा दिसतो. पाय जोरात दाबला की त्या बाजूचा खांदा वर येतो. पहिलं वळण आलं, सामंतांचा खांदा वर आला. गाडीचा वेग कमी झाला, वळण गेलं. दुसऱ्या वळणाला खांदा थोडाच हलला. तिसऱ्याला नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग तबेल्यांकडच्या उतारावर म्हशींचा कळप अचानक रस्त्यावर आला. गाडी जागच्या जागी थांबली, धक्कासुद्धा बसला नाही. पुढे सामंत शांत होते. माझ्या लक्षात आलं की मागच्या सीटवर मीच दोन्ही पायांनी पत्रा दाबून धरला होता. हे मी त्या दिवशी कुणालाही सांगितलं नाही, आज सांगतो.

शेवटी आम्ही त्याच चढावर आलो, जिथे वहिनी गाडी सोडून गेल्या होत्या. मी म्हणालो, मध्येच थांबवा आणि उचला. त्यांनी थांबवली. उचलली. गाडी बोटभरही मागे गेली नाही. वर सपाटीला एका झाडाखाली त्यांनी ती उभी केली, आणि मी घसा खाकरून माझा मोठा खुलासा सुरू केला. “सामंत, आता एक गोष्ट सांगतो, रागावू नका. तुमच्या पायाखालचा ब्रेक...”

“पिन काढलीय,” सामंत म्हणाले. “पयल्याच वळणार कळला माका.”

मी पुढे वाकून त्यांच्या पायाखाली बघितलं.

“मास्तर, जन्म गेला माझा पेडलं जोडण्यात. खाली काय लावलंय आणि काय नाही ते पायाला कळतं. स्प्रिंग बसवलीत ती पण जरा कमी ताणाची आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर हिने गाडी थांबवली असती. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, आता आपल्या हातात काही नाही. तर निदान बघू या, ही करते काय.” ते समोर काचेतून बघत बोलत होते. “मास्तर, ही वळणाच्या आधी ब्रेक मारते. वळणात शिरल्यावर मारत नाही. मी बारा वर्षं वळणात मारत आलो. ही माझ्यापेक्षा चांगली चालवते हो.”

वहिनींनी आरसा हाताने नीट केला. तो नीटच होता.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “पिनचं. काल मास्तर सांगून गेले.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात.”

त्यावर दोघंही हसायला लागले. मी उतरून झाडाखाली उगाच बिडी पेटवली. अशा वेळी तिसऱ्या माणसाने गाडीत बसू नये, एवढं मलाही कळतं.

पुढच्या रविवारी आम्ही सामंतांच्या गाडीने खंडाळ्यापर्यंत जाऊन आलो. बोरघाटात गाडी गरम होऊन बंद पडली. त्या काळच्या गाड्यांचं उन्हाळ्यात हे ठरलेलंच. सामंतांनी वहीप्रमाणे ओलं फडकं टाकलं आणि वहीप्रमाणेच अर्धा तास दरी बघितली. मला काहीच काम उरलं नव्हतं. मे महिन्यात ते तिघं, मुलगी वही घेऊन मागे, पहाटे निघाले. मी निरोप द्यायला गेलो नाही. खरं सांगायचं तर मला धीर नव्हता. त्यापुढचे आठ दिवस मी इतर विद्यार्थ्यांवर उगाच डाफरलो, अगदी गाडीतसुद्धा.

परत आल्यावर दोघंही कोकमाची बाटली घेऊन ऑफिसात आले. वहिनींचा उजवा हात कोपरापर्यंत उन्हाने काळा पडला होता, बाहेर काढून इशारे देणाऱ्या ड्रायव्हरचा पडतो तसा. पसरणीत सामंतांनी अकरा वेळा गाडी थांबवायला लावली, कशेडीत सात वेळा, असं त्या सांगत होत्या.

“आणि अंबेनळी?” मी विचारलं.

सामंत टेबलावरच्या फायलींकडे बघायला लागले.

“सांगा ना आता,” वहिनी म्हणाल्या. मग स्वतःच सांगितलं. “झोपले. महाबळेश्वरहून निघालो, दोन-तीन वळणं झाली, आणि बघते तर मान काचेला टेकलेली. घोरत होते, मास्तर. मी दुसऱ्या गिअरमध्ये अख्खा घाट उतरवला. एका ठिकाणी सगळे डोंगर दिसायला लागले तेव्हा थांबवली. आम्ही मायलेकी उतरलो, पुष्कळ वेळ बघत उभ्या राहिलो. काय सांगू तुम्हाला, एकामागे एक, एकामागे एक, शेवटचे तर निळे.”

“मग उठवलं नाहीत?”

“नाही उठवलं,” वहिनी म्हणाल्या. “अपघात झाल्यापासून हा माणूस असा झोपला नव्हता.”

सामंत ओशाळून म्हणाले, “पोलादपूरला जाग आली. घाट संपलेला. आता पुढच्या वर्षी परत जायला लागणार.”

एवढ्या वर्षांत शेकडो लोकांच्या शेजारी मी बसलो, त्यांतले कित्येक आज उत्तम चालवतात. पण एकाच्याही शेजारी, सरळ रस्त्यावरसुद्धा, माझा डोळा लागलेला नाही. आर.टी.ओ.चा साहेब देतो त्याहून मोठं लायसन्स या बाईला अंबेनळीत मिळालं होतं, आणि ते देणारा घोरत होता.

त्यानंतर प्रवेशाचा फॉर्म भरताना, नाव-पत्ता-वय झाल्यावर, मी एक प्रश्न जास्तीचा विचारायला लागलो. शेजारी कोण बसणार? नवरा, सासरा, थोरला भाऊ, जो कोणी असेल त्याने शेवटच्या रविवारी यायचं आणि हात मांडीवर ठेवून तासभर बसायचं. मालक शेवटपर्यंत म्हणत राहिले की हा वेळेचा सत्यानाश आहे. त्यांची सून शिकायला आली तेव्हा मी त्यांनाही बसवलं. ते नापास झाले.