मातीची माळ

गौराक्का जिना पाठमोऱ्या चढायच्या. खालच्या पायरीवर बसायचं, दोन्ही तळहात मागे वरच्या पायरीवर टेकायचे आणि अंग उचलून वर ठेवायचं. थोडा दम घ्यायचा, की पुढची पायरी. अशा सोळा पायऱ्या. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारी पडली. धावत जाऊन मी त्यांच्या काखेत हात घालायला लागले.

"ब्याड, ब्याड," त्या म्हणाल्या. ब्याड म्हणजे कानडीत नको. "पडले न्हाय मी. चढायलेय. तू सरक बाजूला, माझा उजेड अडतोय."

गौराक्का सोलापुरात आमच्या समोरच्या घरात राहायच्या. मूळच्या दुधनीकडच्या. नवरा लवकर गेला. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी घरी बसून कडक भाकऱ्या थापल्या, त्यावर एकुलत्या एका मुलाला, बसवराजला, इंजिनिअर केलं. तो पुण्यात स्थिरावला. दुधनीचं शेत कधीच गेलं होतं, पण शेताची सवय जात नव्हती. म्हणून गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या, तेलाचे डबे, निम्मे कापलेले निळे ड्रम अशा पंचवीस कुंड्या मांडल्या होत्या. त्यांना त्या 'माझी पंचवीस एकर' म्हणायच्या. दुपारी जिन्याकडे निघाल्या की आईला हाक मारून सांगायच्या, "शेतात जाऊन येते गं."

मग एका उन्हाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. उभं राहिलं की दोन्ही हात वॉकरला, त्यामुळे पाण्याचा तांब्यासुद्धा नेता यायचा नाही. पण कुरकुर नाही. "देवानं दोन हात दिले," त्या म्हणायच्या, "आन् डॉक्टरनं दोन्ही कामाला लावले."

त्या दवाखान्यात असताना बसवराजदादांनी एक काम केलं. मायेनंच केलं, पण केलं. दोन माणसं लावून पंचवीसच्या पंचवीस कुंड्या रिकाम्या करवल्या आणि माती कुठल्याशा पडीक जागेत टाकून दिली. आई घरी आल्यावर पुन्हा गच्चीवर जाईल आणि पुन्हा पडेल, ही त्यांची भीती. अक्कांनी महिन्याभराने सोळा पायऱ्या बसत बसत चढून वर पाहिलं, तर पालथ्या बादल्यांची रांग. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दसऱ्याला बसवराजदादा आले ते ठरवूनच. सोनं देऊन झाल्यावर आमच्यादेखत म्हणाले, "आई, आता पुण्याला चल. तुझी खोली तयार आहे, कॉटसुद्धा आणलीय. इथं तू एकटी काय करणार?"

"शेत करणार की."

"माती कोण वाहणार? दर वेळी शेजारच्यांना हाका मारणार?"

"कोन न्हाय. मी."

दादा हसले. मग त्यांना वाटलं असावं, म्हातारी स्वतःच्याच तोंडानं हो म्हणेल असा हा रस्ता आहे. ते म्हणाले, "ठीक आहे. येळवसेला मी येतो. तोपर्यंत सगळ्या कुंड्या तू एकटीनं भरल्यास, कुणी एक घमेलंही उचलून दिलं नाही, तर तू इथंच राहा. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याच दिवशी माझ्यासोबत निघायचं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या सीमेकडच्या भागात त्या दिवशी घरं ओस पडतात आणि माणसं रानात जेवतात.

"चालतंय," अक्का म्हणाल्या. "ही सुरेखा साक्षीला. शिकलेली हाय, खोटं बोलणार न्हाय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. वडील छोटा हत्ती टेम्पो चालवायचे, आई सातवीपर्यंत. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता हे लपवत नाही. लगेच वही काढून मी अक्कांना मिश्रण सांगितलं: लाल माती इतकी, गांडूळखत इतकं, नारळाच्या भुश्याचं कोकोपीट इतकं, निंबोळी पेंड मूठभर. अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कोकोपीटच्या विटा फोडू नको, कोरड्याच राहू दे. पानी वर गेल्यावर पाजू. पानी उचलायचं काम नळाचं, माझं न्हाय."

वडिलांनी माती आणि खत मिसळून टेम्पोनं आणलं आणि अक्कांच्या दारात ढीग ओतला. दारापर्यंत आणणं करारात बसत होतं, हे दादांना आधीच विचारून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "अक्कांच्या दारात बघ किती धूळ उडतीय. सडा मार जा." आमच्याकडे सणाच्या दिवसांत दारात काही आलं की त्याच्यावर सडा पडतोच. मी शेणाचं पाणी कालवलं आणि दोन बादल्या त्या ढिगावर मनापासून शिंपडल्या. वर हेही वाटलं, की शेण म्हणजे खतच, फायदाच झाला.

अक्का वॉकर टेकत बाहेर आल्या. ढिगात हात घालून मूठ वळली. मुठीतून पाणी टपकलं.

"कोन केलं हे?"

"मी," मी म्हणाले.

"किती वर्सं कॉलेजात जायलीस?"

"तिसरं."

"मग कोरड्या पिठापेक्षा भिजलेलं पीठ जड आसतंय, हे कुटल्या वर्सात शिकिवणार हायेत?"

मी मेल्याहून मेले. म्हटलं, अक्का, मी केलं, मीच अर्ध्या तासात वर नेऊन टाकते. "ब्याड," त्या म्हणाल्या. "एक घमेलं न्हाय म्हणलंय त्यानं." खुर्ची बाहेर मागवली, लांब काठीला घरातलं उलथणं बांधलं आणि बसल्या बसल्या तो चिखल पोत्यांवर पसरला. दिवसातून चार वेळा उलटासुलटा केला. माती सुकायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "ही आमची सायंटिस्ट."

चौथ्या दिवशी त्यांनी जे काढलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. साड्यांचे तुकडे शिवून त्यांनी दहा पिशव्या केल्या होत्या, एकेकीत तीनेक किलो माती मावेल एवढ्या. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागवाल्याकडून सुताची लांबच लांब दोरी वळून घेतली होती. आणि गच्चीच्या कठड्याजवळ, लोखंडी पाइपाला, दुधनीच्या विहिरीवरची जुनी कप्पी अनेक वर्षं नुसतीच लटकत होती. अक्कांनी खाली खुर्चीत बसून दहाही पिशव्या भरल्या आणि दोरीला बांधल्या. दोन पिशव्यांमध्ये गच्चीच्या उंचीपेक्षा थोडी जास्त दोरी सुटी ठेवली. दोरीचं दुसरं टोक त्यांनी आदल्या दिवशीच वर जाऊन कप्पीवरून खाली सोडलं होतं, ते कमरेला खोचलं आणि त्या पाठमोऱ्या सोळा पायऱ्या चढल्या. वर कठड्याशी स्टुलावर बसून ओढायला लागल्या. पहिली पिशवी वर आली, तिच्या मागची अजून जमिनीवरच. पहिली सोडवून घेतली, दुसरी उठली. फुलांच्या माळेसारख्या एकामागून एक पिशव्या येत राहिल्या, आणि कुठल्याही क्षणी त्यांच्या हाताला एकाच पिशवीचं वजन होतं.

"स्वल्प स्वल्प," त्या वरून म्हणाल्या. थोडं थोडं. "ढीग बघायचा न्हाय पोरी. पिशवी बघायची."

वर त्यांनी भाकरीची जुनी लाकडी काठवट ठेवली होती. एका वेळी काठवटभरच माती घ्यायची, माळेतूनच वर आलेलं आणि गच्चीवरच्या नळाखाली फुगवलेलं कोकोपीट त्यात घालायचं, पीठ मळल्यासारखं नव्हे तर पीठ सैल केल्यासारखं बोटांनी वरखाली करायचं आणि मग मूठ वळून उघडायची. गोळा राहिला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. माझ्या वहीतल्या प्रमाणापेक्षा त्यांनी कोकोपीट जास्त घातलं. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "तुझं माप जमिनीचं हाय. हे डबड्याचं शेत हाय. हितं हलकं पायजे." मी पुढे नोकरीत कुंडीतल्या लागवडीबद्दल बरंच वाचलं. अक्कांचं बरोबर होतं.

दिवसाला एकच माळ. जास्त नाही, कितीही उत्साह असला तरी.

सहाव्या दिवशी दोरी सटकली. पिशवी खाली आपटून फुटली आणि अक्कांचा उजवा तळहात सोलून निघाला. आई हळद घेऊन वर गेली. अक्कांनी हाताला फडकं गुंडाळलं, पण त्या हातानं ओढणं शक्य नव्हतं. आई हळूच म्हणाली, "अक्का, आजच्या पिशव्या मी आणून ठेवते. सुरेखा काय सांगणार न्हाय. बसवराजला कुठं कळतंय?"

खरं सांगायचं तर मीही होकाराची मान हलवली.

"त्याला कळणार न्हाय," अक्का म्हणाल्या. "पन मला कळायला पायजे न्हवं, मला जमतंय का न्हाय ते? न्हाय जमलं तर जाईन की पुण्याला. खोटं ऱ्हाऊन काय करू हितं?"

चार दिवस हात बरा होईपर्यंत त्या दोरीला शिवल्या नाहीत. रोज वर मात्र गेल्या, डाव्या हातावर जोर देत, आणि भरलेल्या कुंड्यांत मेथी, पालक, हरभरा, वाटाणा टोचत बसल्या. पाचव्या दिवशी माळ पुन्हा सुरू झाली. दिवाळीच्या पाडव्याला पंचविसावी कुंडी भरली. त्या दिवशी त्यांनी काठवट धुऊन पालथी घातली आणि आम्हाला वर बोलावून शेंगाचटणीसोबत कडक भाकरी खायला घातली. त्याशिवाय समारंभ काही नाही.

येळवसेला बसवराजदादा सकाळीच आले. सोबत मोठी रिकामी बॅग, आईचे कपडे भरायला. जिना चढून वर पोचले आणि दारातच थांबले. गच्ची हिरवी झाली होती. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यानं बादल्यांचे काठ झाकले होते, वाटाण्याच्या वेलांनी पाइप धरला होता. एका कोपऱ्यात अक्कांनी कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप उभी केली होती, आत पूजेचे, चुन्यानं रंगवलेले पाच दगड. डाळी आणि पालेभाज्यांची येळवसेची भज्जी चुलीवर शिजून तयार होती. तिच्यातला पाला गच्चीवरचाच.

दादांनी मला विचारलं, "सुरेखा, खरं सांग. तू किती उचललंस?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "उलट ढिगावर दोन बादल्या पाणी ओतून यांचं काम वाढवलं."

"ते बी हिनं मन लावून केलं," अक्का म्हणाल्या.

दादांनी वाकून मेथीचा निळा ड्रम दोन्ही हातांनी धरला आणि उचलून पाहिला. ड्रम हलला नाही. पुन्हा जोर लावला. कमरेला हात लावून सरळ झाले.

"हा तू वर आणलास?"

"ड्रम कशाला आणू? तो हितंच हुता. माती आणली."

दादांनी कठड्याशी जाऊन कप्पीवरची दोरी ओढून पाहिली. मग बूट काढले, आंबिलीचं मडकं खांद्यावर घेतलं आणि रानात फिरतात तसे कुंड्यांभोवती फिरत आंबील शिंपडायला लागले. एकही कुंडी सोडली नाही. मला दिसत होतं, ते मनातल्या मनात मोजत होते. पंचविसावीपाशी पोचल्यावर मडकं खाली ठेवलं आणि खिशातून फोन काढला.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "त्या खोलीतली कॉट पोरांना देऊन टाक." तिकडून काहीतरी विचारणा झाली असावी. "नाही, भांडण नाही झालं. मी हरलो." हे त्यांनी असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणसाला बढती मिळालीय.

अक्का खाली बसून बाजरीचे वाफवलेले उंडे वाढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुट्टीत पोरास्नी घेऊन ये म्हण तिला. आन् तू आदी बस जेवायला, भज्जी निवायलीय."