लाईट गेल्यावर मारलेली हाक

“पोरगी उद्धट हाय मॅडम, दुसरं काय न्हाय,” चौथीचे वर्गशिक्षक मला सांगत होते. “फळ्यावर लिहिता लिहिता काय विचारलं, की ढिम्म. जवळ जाऊन दरडावलं, की घडाघडा बोलती!”

शाळा कबनूरची. मी जिल्ह्याच्या बालसंरक्षण कार्यालयात काम करते. शाळेतून गळायच्या बेतात असलेलं मूल शाळेत टिकवायचं, हे माझं काम. अशा मुलाला आमच्याकडे ‘केस’ म्हणतात. या वेळची केस सानिका. पोरीचं अभ्यासात काही खरं नाही, दिवाळीनंतर घरच्या यंत्रमागावर कांड्या भरायला बसवते, असं तिची आई शाळेत सांगून गेली होती. कांडी म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायची, सूत गुंडाळलेली नळी. त्या कामाला बसलेलं पोर पुन्हा दप्तर उचलत नाही, हे मी पाहिलंय.

म्हणून शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य पथक यांना एका टेबलाशी बसवलं.

“उद्धट? छे!” अंगणवाडीच्या ताई उसळल्या. “माझ्याकडं होती तवा लई गुणाची. फकस्त गाणी म्हणताना मागं पडायची.”

“मी तपासलीय,” पथकाचे डॉक्टर म्हणाले. “नाव, गाव विचारलं. पटापट सांगितलं. नॉर्मल.”

एकच पोरगी इतकी वेगवेगळी कशी? नसत्या चौकशा करायची खोड आहे मला, नवरा त्यावरून टोमणे मारतो. म्हटलं, चला सगळे तिच्या घरी.

“आत्ता?” डॉक्टर.

“मग काय मुहूर्त काढू?”

घराला लागूनच मागांची शेड. खडखडाट असा, की शेजारच्याचं बोलणं कळेना. सानिकाच्या आईचं मात्र काही अडत नव्हतं. तिनं नुसते ओठ हलवले, हातानं खूण केली आणि पार दुसऱ्या टोकाला असलेली सानिका आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मागावरची माणसं अशीच बोलतात. मला तर भारी मौज वाटली.

तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले, एकदम शांत झालं. सानिका पाठमोरी बसून सूत आवरत होती.

“सानिका, पावण्यांस्नी च्या टाक,” आई म्हणाली.

पोरगी हलली नाही. आईनं पुन्हा, मोठ्यानं हाक मारली. तरी नाही. मग आई हसत उठली आणि तिच्या तोंडासमोर हात हलवला. “अशीच हाय बघा. तंद्रीत असती.”

डॉक्टर उठले, सानिकाच्या मागं जाऊन त्यांनी जोरात टाळी वाजवली. आई दचकली. सानिका सूत आवरत राहिली.

“वहिनी, हिला ऐकायला कमी येतंय.”

“कायबी काय बोलताय? आत्ता पाणी आणलं की तिनं!”

“ते तुमच्याकडं बघून आणलं,” डॉक्टर म्हणाले.

आईनं मागूनच पुन्हा एकदा हाक मारून बघितली.

पुढे सरकारी दवाखान्यात ऑडिओमेट्री झाली. म्हणजे हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सानिकाचं बोट बराच वेळ बटणावर नुसतंच होतं. ऐकणं हळूहळू कमी होत गेलं असावं, असं तिथं सांगितलं. घरात सगळेच ओठ बघून बोलणारे, मग कळणार कुणाला? कानाच्या मशीनसाठी डॉक्टरांनी कागद केले, अंगणवाडीच्या ताईंनी आणि मी चकरा मारल्या. सरांनी फळ्याकडं तोंड करून बोलायचं सोडलं.

मशीन लावून सानिका घरी आली, तेव्हा मी सोबत होते. शेडच्या दारातच तिनं दोन्ही हात कानांवर दाबले.

“आई, माग एवढा वरडतोय व्हय गं?”

आईनं हातातली कांडी खाली ठेवली आणि तिला बाहेर अंगणात आणलं. डोळे पुसत मला म्हणाली, “हिला न्हाय बसवत हितं. जाऊ दे शाळंला.”

आता कुठल्याही केसच्या मीटिंगला चहा यायच्या आत मी विचारते, “पोरानं उत्तर दिलं, तेव्हा ते तुमच्या तोंडाकडं बघत होतं का?” लोक वैतागतात. पण त्यानंतर बहुतेकजण जरा आठवून बोलतात.