शेवंताच्या नावाचा परवाना

भूतानला जायचं आईने ठरवलं. भाईंदरला नवघरच्या विहारात पौर्णिमेला जमणाऱ्या बायकांपैकी एकीने मोबाइलवर थिंफूच्या डोंगरावरची बुद्धमूर्ती दाखवली. आई घरी आली आणि म्हणाली, "सगळा देशच बुद्धाचा आहे म्हणे. गुडघे चालतायत तोवर बघून येऊ." तोवर ती भाईंदर आणि परभणी यांच्यापलीकडे कुठे गेली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. माणशी दर रात्रीचे बाराशे रुपये त्यांचं सरकार घेतं, हॉटेल वेगळं. मुंबईहून विमानाने बागडोगरा, तिथून टॅक्सीने चार-पाच तासांत जयगाव. जयगावला बाजारातून एक भिंत जाते. भिंतीपलीकडे भूतानचं फुन्शोलिंग. हे सगळं मी महिनाभर वाचत होते. आईचं कार्ड तेवढं वाचलं नाही. ते तिच्या पाकिटात आहे, एवढंच पाहिलं होतं.

टॅक्सीत चहाचे मळे लागले तेव्हा सहज मागितलं. जुनं, कडा पिवळ्या पडलेलं कार्ड. त्यावर नाव होतं शेवंता. पुढे आबांचं, तिच्या वडिलांचं नाव.

लग्नात आईचं नाव सुजाता ठेवलं. आधार, बँक, विमान, हॉटेल, सगळीकडे सुजाता. अर्जात मीही तेच लिहिलं होतं.

"हे कसं झालं?"

"तुझ्या वेळंला," आई म्हणाली. "बाळंतपणाला माहेरी होते. शाळेत मतदान कार्डाचे फोटोवाले आले होते. आबांनी माझं नाव सांगितलं. ते काय सुजाता म्हणणार होते व्हय?"

"आणि तू बदललं नाहीस."

"मतदानाला माहेरीच जाते ना मी. तिथं सगळे शेवंताच म्हणतात."

उरलेला रस्ता मी काही पाहिला नाही. त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

सकाळी पायी भिंत ओलांडली. अलीकडे हॉर्न, रिक्षा, पानाच्या पिचकाऱ्या. पलीकडे एकदम शांत. ही शांतता सगळे ब्लॉगवाले सांगतात. मला तिची भीती वाटली. आपल्या बाजूला दहा माणसांत मिसळून जाता येतं. इथे झेब्रा पट्ट्यांवर आम्ही दोघीच होतो आणि गाड्या आमच्यासाठी थांबल्या होत्या. घड्याळ अर्धा तास पुढे करायचं असतं. तेही मी विसरले, आणि आम्ही परवान्याच्या खिडकीशी उशिरा पोचलो.

खिडकीमागच्या बाईंनी किरा नेसला होता, पायघोळ, त्यांचा राष्ट्रीय पोशाख. त्यांनी अर्ज पाहिला, कार्ड पाहिलं, परत अर्ज.

"ये दो औरतें हैं या एक?"

मी बोलायला लागले. लग्नात नाव बदलण्याची पद्धत, माहेरचं बाळंतपण. त्यांनी हात वर केला. "आप नहीं. ये बोलेंगी."

आईला आत नेलं. मला बाकावर बसायला सांगितलं. दारावर काच होती, पण पांढरी, आतलं न दिसणारी.

तिला हिंदी नीट येत नाही, याचा मी विचार करत होते. ती भाजीवाल्याशी बोलते, शेजारच्या गुजराती काकूंशी बोलते, पण अधिकाऱ्यासमोर तिची मराठीसुद्धा जाते. नवघरला वीज कंपनीच्या खिडकीवर ती मलाच पुढे करते. परत पाठवलं तर पाठवू देत. पण खोट्या नावाने शिरायचा प्रयत्न केला असं लिहून घेतलं तर? भिंतीवर राजाचा आणि राणीचा फोटो होता. दोघं देखणी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वीस मिनिटं लागली.

आई बाहेर आली तेव्हा हातात परवाना होता. त्यावर शेवंता.

"काय विचारलं?"

"चल आधी," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस तिला शेवंताच राहायचं होतं. गावाबाहेर रिंचेंडिंगला नाका आहे, तिथे कागद तपासतात. गाडीत मी तिच्याकडून घोकून घेतलं. नाव? शेवंता. हॉटेलात? शेवंता. कोणी सुजाता म्हणून हाक मारली तर? "तर मी वळणार नाही," आई म्हणाली. "पण तू आई म्हणून हाक मारलीस तर?" तिला हसू आलं. मला नाही.

भूतानची गाडी आणि वाटाड्या घ्यावा लागतो. आमचा चालवणारा आणि दाखवणारा एकच होता, चाळिशीचा. त्याचं नाव लिहीत नाही. कारण पुढे येईल. फुन्शोलिंग ते थिंफू दीडशे किलोमीटर, सहा तास धरा. गेडूजवळ धुकं इतकं की बॉनेटही दिसेना. तो खिडकी उघडून कानांनी गाडी चालवत होता. आई डोळे मिटून त्रिशरण म्हणत होती.

धुक्याखाली चुखाचं धरण आहे. तो देशाबद्दल बोलायला लागला, रोज बोलत असावा तसा. वीज करतो आणि तुम्हाला विकतो. धरण तुम्हीच बांधून दिलं. हा रस्तासुद्धा तुमचाच. आमचा न्गुलट्रम तुमच्या रुपयाला बांधलेला. राजाने स्वतःहून निवडणुका दिल्या, लोक नको म्हणत होते तरी. शिकलेली पोरं ऑस्ट्रेलियाला जातात. उत्तरेला चीन, त्याच्याशी हद्द अजून ठरायची आहे.

"डर लगता है?" मी विचारलं.

"छोटा घर है मॅडम. दोनों तरफ बड़ी बिल्डिंग." त्याने गिअर बदलला. "सिक्कीम भी देश था. हमने देखा है."

चहाला थांबलो तिथे आईने त्याला विचारलं, तू बुद्धाला मानतोस का. तो म्हणाला, मी नेपाळी बोलणारा, हिंदू, दक्षिणेकडचा. मग आजूबाजूला पाहिलं. टपरीत चहावालीशिवाय कोणी नव्हतं, तरी आवाज खाली घेतला.

तो लहान असताना गावात शिरगणती झाली. इथलेच आहात हे दाखवा, म्हणाले. दाखवायचं म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न सालची जमिनीच्या कराची पावती. त्याच्या वडिलांकडे निघाली. मामाकडे सत्तावन्नची होती, अठ्ठावन्नची नव्हती.

"सत्तावन को थे, अठ्ठावन को नहीं थे," तो म्हणाला. "ऐसा लिखा."

मामाचं कुटुंब गेलं. नेपाळात छावणीत अनेक वर्षं राहिलं, आता अमेरिकेत आहे. लाखभर माणसं अशी गेली. हे मी नंतर वाचून ताडून पाहिलं. त्यांचं सरकार म्हणतं की बरेचसे बाहेरून आलेले होते, आणि लहान देशाला आपली माणसं मोजावीच लागतात. ही भीती खोटी आहे असं मला म्हणता येत नाही. पण तिची किंमत मामाला भरावी लागली.

"बुद्धाच्या देशात?" आईने मला मराठीत विचारलं. त्याला कळलं असावं. "बाकी सब अच्छा है मॅडम," तो घाईने म्हणाला. "बहुत शांति है. मेरा नाम मत लिखना."

थिंफूला एकही सिग्नल नाही. चौकातल्या रंगीत छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस गाड्या वळवतो. जेवणात एमा दात्शी मागवा, मिरच्या आणि चीज. मिरची तिथे भाजी म्हणून खातात. आईला आवडली. "आपल्या ठेच्यात दूध घातलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मूर्तीपाशी पोचली. बुद्ध डोंगराएवढा, सोनेरी. आईने पादत्राणं काढली, वंदना म्हटली आणि बराच वेळ बसून राहिली. मी परवान्याची घडी मुठीत धरून मागे उभी होते. पारोला टायगर्स नेस्ट, कड्यावरचा मठ, आम्ही खालूनच पाहिला. गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे वरही कागद बघतात का, ते मला कळत नव्हतं.

परतताना नाक्यावर शिक्का मारून घेतला आणि भिंत ओलांडली. हॉर्न ऐकले. तेव्हा आईने सांगितलं.

"बाईनं कार्ड भिंगाखाली धरलं. म्हणाली, ये कोने में क्या है. मी बघितलं तर तुझं टोपडं. फोटोच्या वेळी तू कडेवर होतीस, ते म्हणाले बाळाला बाजूला धरा. तरी किनार आलीच. मी म्हटलं, ये मेरी बेटी है. बाहर बैठी है. तिनं दार किलकिलं करून तुला बघितलं. मग सही केली."

मला दार उघडलेलं आठवत नाही. मी राजाकडे बघत होते.

घरी येऊन तीन आठवडे झाले. जाणाऱ्यांना सांगेन: जा. सुंदर आहे, स्वच्छ आहे, माणसं सभ्य आहेत. दोघींचे विमानासकट सत्तर हजारांच्या आसपास गेले. कागदांवरची नावं आधी जुळवून घ्या.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "मौसी, भूटान कैसा लगा?" आई म्हणाली, "बहुत शांति है." तिने कपाटातले सगळे कागद काढून चेनच्या पिशवीत भरले आहेत. शाळेचा दाखला, दोन्ही नावांची कार्डं, रेशनकार्ड, विजेची बिलं. बाजारात जाताना ती पिशवी नेते. मी हसले तर हसू दिलं.

काल भेंडी चिरताना तिने विचारलं, "आबांच्या घरी अठ्ठावन्नची एखादी पावती असेल का गं?"

"तो त्यांचा कायदा आहे, आई. त्यांच्या देशातला."

"असेल का?"

"कसली पावती? आबांकडे जमीनच नव्हती."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि चिरत राहिली.