बाल्कनीतला डेक

"मॅडम, तुमचा लाकडी फ्लोअर जळला. आत्ताच्या आत्ता या."

एवढं बोलून गुरुजींनी फोन ठेवला. मी चंद्रपुरात एका साइटवर होते. सुतारकाम बघणाऱ्या इक्बालभाईंना गाडीत घेतलं आणि गडचिरोलीला निघाले. खरं सांगते, रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होते. मटेरियल चांगल्या प्रतीचं होतं. ते उघड्या आगीसाठी नसतं. यात डिझायनरची चूक नाही.

देवराव गुरुजी मूळचे सावली गावचे. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी गडचिरोलीत एका अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन फ्लॅट घेतले. कायमचा भाडेकरू ठेवायचा नाही, फर्निचरसकट दोन-चार दिवसांसाठी द्यायचे, असा त्यांचा विचार. मोबाइलवर बुकिंग, दारात चावी. डिझाइनचं काम माझ्याकडे आलं.

पाहुणे कोण येतील? सूरजागडच्या खाणीकडे जाणारे इंजिनीअर, ऑडिटवाले, ट्रेनिंगला आलेले अधिकारी. हे मी आणि गुरुजींनी चहा पिता पिता ठरवलं. तिसऱ्या कोणाला विचारलं नाही. त्याप्रमाणे पहिला फ्लॅट केला. स्वयंपाकाचा ओटा तोडला, कारण दोन रात्रींसाठी आलेला एकटा माणूस वरणभात कशाला शिजवेल? तिथे छोटा काउंटर, विजेवरची इंडक्शन शेगडी आणि चहाची केटल ठेवली. बाथरूमला काचेचं पार्टिशन, शॉवर आणि तीन लिटरचा गिझर. बाल्कनीत डेक टाकला. डेक म्हणजे जुन्या फरशीवर लाकडी दिसणाऱ्या पट्ट्यांची जमीन. या पट्ट्या लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र करून बनवतात. पाण्याने फुगत नाहीत, वाळवी लागत नाही. फोटो तर असे आले की गुरुजींनी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

इंजिनीअर आले, पण महिन्यातून दोन-तीन. बाकी बुकिंग कोणाची होती, ते मी कधी विचारलं नव्हतं.

जिन्यातच सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. गुरुजी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे होते.

"धूर माह्या बेडरूमपर्यंत आला," सेक्रेटरी म्हणाले. "गुरुजी, ही फॅमिलीवाल्याईची बिल्डिंग आहे. सायंकाळपर्यंत त्या पाहुण्याईले काढा. नाई तं मीटिंग बोलावतो, अन् तुमचा हा धंदाच बंद करतो."

"काढतो ना भाऊ," गुरुजी म्हणाले. "मॅडमले फक्त नुकसान पाहू द्या."

फ्लॅटमध्ये एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. त्याचं नाव सोमा, भामरागडच्या बाजूचा. जमिनीवर त्याची आई बसली होती. बाल्कनीत डेकच्या मधोमध परातीएवढा काळा खड्डा पडला होता. पट्ट्या वितळून कडेला ओघळल्या होत्या. त्याच्या शेजारी तीन विटा, एक लोखंडी घमेलं आणि काळा पडलेला अॅल्युमिनियमचा गंज, म्हणजे मोठं पातेलं.

इक्बालभाईंनी वाकून घमेलं उलटं केलं. "मॅडम, हे तं आपल्याच कामाचं हाय. गच्चीवर राह्यलं होतं."

म्हणजे म्हातारीने सरळ जमिनीवर जाळ केला नव्हता. आधी विटा, विटांवर घमेलं आणि घमेल्यात आग. खालच्या पट्ट्या नुसत्या धगीने वितळल्या; फरशी असती तर डागही पडला नसता. ही लाकडासारखी दिसणारी फरशीच आहे, असं तिला वाटलं असणार.

"मॅडम, मुद्दाम नाई जाळलं," सोमा म्हणाला. "मायनं पाणी तापवलं."

"कशासाठी?"

"बायकोच्या आंघोळीसाठी. बाळंतीण हाय. आज नववा दिवस."

मग त्याने सगळं सांगितलं. बाळ वेळेआधी झालं होतं, वजन फार कमी. ते दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत होतं. बायकोला, रुपीला, सुट्टी मिळाली होती, पण दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला तिला तिथे जावं लागे. गावी परत जाणं शक्य नव्हतं. दवाखाना इथून चालत पाच मिनिटांवर. गावातल्या एका शिक्षकाने मोबाइलवरून हा फ्लॅट बुक करून दिला होता.

"पण शेगडी आहे ना आत," मी म्हटलं. "गिझर आहे. ते काऊन नाई वापरलं?"

"वापरून पाह्यलं. गिझरमधून थोडंसं गरम येते, मंग थंडं. शेगडी टूं टूं करते अन् बंद पडते. आमाले वाटलं, बिघडवली आपण. म्हणून कोणाले सांगितलं नाई."

मी गंज उचलून शेगडीवर ठेवला आणि बटण दाबलं. टूं टूं झालं आणि शेगडी बंद पडली.

इंडक्शनला लोखंड किंवा तसलं भांडं लागतं, ज्याला चुंबक चिकटतं. त्यावर अॅल्युमिनियम तापतच नाही. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. या भागातल्या निम्म्या घरांत भात अॅल्युमिनियमच्या गंजात शिजतो, हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात होत्या, पण वेगवेगळ्या कप्प्यांत.

तेवढ्यात रुपी दवाखान्यातून आली. डोक्याला रुमाल बांधलेला, भिंतीचा आधार घेत चालत होती. काउंटरजवळ मी ठेवलेल्या उंच स्टुलांकडे तिने पाहिलंही नाही. ती सासूशेजारी जमिनीवर बसली. सासूने गोंडीत काहीतरी विचारलं. ती हसून दोन शब्द बोलली.

"काय म्हणते?" गुरुजींनी विचारलं.

"पोरगी आज चांगली दूध प्याली म्हणते," सोमाने सांगितलं.

मी गुरुजींना बाल्कनीत घेऊन गेले. रस्त्यात जुळवलेलं एकही वाक्य वापरलं नाही.

"गुरुजी, चूक माझी आहे. मी या घरातून चूल काढली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. यांना काढू नका."

"मॅडम, मलेही दया येते. पण बिल्डिंगले आग लागली असती तं? सेक्रेटरी चुकीचं बोलून राह्यला का?"

"नाही. त्यांचं बरोबर आहे. म्हणून आधी आग बंद करू आणि गॅस आणू."

गुरुजींनी चपलेने त्या काळ्या खड्ड्याची कड दाबून पाहिली. मग खाली गेले. सेक्रेटरींशी काय बोलले, मला माहीत नाही. परत आले तेव्हा म्हणाले, "एक अट. लाकूड पेटवायचं नाई."

सोमाने आईला ते समजावलं. तिने मान डोलावली आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. "मंग शेक कशानं द्यायचा, असं म्हणते," सोमा म्हणाला. इक्बालभाईंनी तिला गॅसवर तवा तापवून कापडाने शेकायचं हातवाऱ्यांनीच दाखवलं. त्यांच्या घरी चार बाळंतपणं झाली होती. त्या दिवशी आमच्यातला सगळ्यात कामाचा माणूस तेच होते.

गुरुजींनी स्वतःच्या घरून जास्तीचा सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी आणली. इक्बालभाईंनी डेकच्या सगळ्या पट्ट्या उचकटल्या. खालची फरशी शाबूत होती. दुसऱ्या दिवशी पंधरा लिटरचा गिझर बसवला आणि काचेचं पार्टिशन काढलं. आता बाथरूममध्ये पाट टाकून बसता येत होतं आणि आंघोळ घालणारीला शेजारी उभं राहता येत होतं.

ती मंडळी आणखी सोळा दिवस राहिली. बाळाचं वजन डॉक्टरांना हवं होतं तेवढं झालं, सुट्टी मिळाली आणि ते गावी गेले. जाताना म्हातारीने फ्लॅट इतका स्वच्छ पुसून ठेवला की गुरुजींनी मला फोन करून सांगितलं.

मग मी गुरुजींकडून बुकिंगची यादी मागवली. तीत निम्म्याहून जास्त लोक दवाखान्यासाठी आलेले. कोणी कुरखेड्याहून, कोणी सिरोंच्याहून. काही परीक्षेसाठी आलेल्या मुली आणि त्यांचे वडील. इंजिनीअर शेवटून पहिले. दुसऱ्या फ्लॅटचं माझं ड्रॉइंग तयार होतं. ते मी बाजूला ठेवलं. तिथला ओटा तसाच राहू दिला, फक्त नवा कडप्पा बसवला. बुटक्या खाटा केल्या. दोरीवर कपडे वाळवायला जागा ठेवली. फोटो साधे येतात. फ्लॅट रिकामा राहत नाही.

घर कोणासाठी करायचं, हे मालकाला विचारून कळतंच असं नाही. मालकालाही ते ठाऊक नसतं. आधी दोन महिने लोक राहू द्यावे लागतात, मग कळतं. म्हणून अशा कामात पहिल्या फेरीला मी आता काहीही भिंतीला पक्कं ठोकत नाही.